बाबांचा पीएफ, मामाची ढोली

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळी

आणि बाबा म्हणतात, माझ्या पैशाची फिकर तू करू नको. मग कोणी करायची? या महिन्यात हा पाचवा फोन. पाचही वेळा मी समजावून सांगितलं की सरकार आता खासगी कामगारांचा पीएफ ठेवून घेणार आहे, म्हातारपणी चिमूट चिमूट देणार, अन माणूस मेला की चिमूटही बंद. व्हिडिओवाल्या सरनं साफ सांगितलं आहे. बाबा म्हणाले, तो सर कोणत्या शाळेतला? म्हटलं, शाळेतला नाही, मोबाइलमधला. मग त्याच्याच वर्गात बस म्हणे, इथं तर आठवीत दोनदा नापास झाला.

हे चूक आहे. आठवीत मी एकदाच नापास झालो. दुसऱ्यांदा पेपरलाच गेलो नाही.

बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये चोवीस वर्षांपासून आहेत. त्यातली चौदा वर्षं पीएफ कापला. जमा एक लाख एकतीस हजार. ३१ मार्चला रिटायर. त्या पैशात त्यांना कामठ्याला घरी पिठाची चक्की टाकायची आहे. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या मिलमध्ये उभा राहिलो, आता आपल्या मशीनपाशी बसीन, म्हणतात. पण सरकारनं पैसाच ठेवून घेतला तर दळणार काय? हवा?

माझ्या पीएफची मला काळजी नाही. तो मी मागच्याच वर्षी सोडवला. हा मोबाइल त्याचाच.

ही डायरी कंपनीच्या सेठनं दिली. आतलं सगळं तमिळमध्ये. नऊ महिने कोरे गेले. आजपासून रोज लिहायचं. आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्राही बंद.

१३ ऑक्टोबर

गुड्डूला घरून खर्र्याचं पार्सल आलं. वाया कसं जाऊ द्यायचं.

गुड्डू म्हणजे माझा रूम पार्टनर. गोंदियाजवळच्या मुर्रीचा. आम्ही दोघं इथं तिरुपूरला बनियानच्या कंपनीत पॅकिंगला आहोत. तो दहावी पास आहे, पण त्याला जगाचं ज्ञान नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

मायचा फोन. समोरची खोली चुन्यानं पोतून झाली. तिथंच चक्की बसणार. बाबांनी विजेच्या मीटरचा अर्जही टाकला. माय म्हणाली, तुझे बाबा रोज मिलमधून आले की त्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, पाहून राहिलो, गिऱ्हाईक कुठून येईन.

 इतका भोळा माणूस. याला वाचवायलाच पाहिजे.

आणि वाचवणं माझ्याच हातात आहे. मिलनं कागदं केली तेव्हा बाबांजवळ मोबाइल नव्हता, म्हणून सगळीकडे माझा नंबर दिला. आधारला माझा नंबर, बँकेत माझा, पीएफमध्ये माझा. बाबांचं काहीही झालं तरी घंटी माझ्या खिशात वाजते. देवानं हे उगाच नाही जमवलं.

गुड्डू म्हणाला, बापाचा पैसा हाय, बापाले इचार. मी म्हटलं, पुरात बैल सोडताना मालकाच्या सहीसाठी थांबतात का? गुड्डू म्हणाला, पूर कुठी हाय? हाच त्याचा प्रॉब्लेम. पाणी घरात शिरल्याशिवाय त्याला दिसत नाही.

२४ ऑक्टोबर, जेवणाच्या सुट्टीत

बाबांच्या नावानं पीएफ काढायचा अर्ज मोबाइलवरून टाकला. वय झालेल्या माणसाला बहुतेक पैसा काढता येतो. ओटीपी आला, टाकला. दोन मिनिटांत झालं. सरकारला अजून काही समजलं नसेल.

५ नोव्हेंबर

खिशात घंटी वाजली. बाबांच्या खात्यात १,१८,०००. मी कार्टन तसंच सोडून संडासात गेलो आणि मेसेज चार वेळा वाचला. सुपरवायझर ओरडला. तमिळमध्ये ओरडतो, म्हणून मनाला लागत नाही.

आता मोठा प्रश्न. बँकेत ठेवू तर बँकही सरकारचीच. सोनं घ्यावं तर सोन्यालाही पावती लागते, पावती म्हणजे सरकार. गुड्डूजवळ ठेवावं तर गुड्डू.

७ नोव्हेंबर, सकाळी

सापडलं. धान.

आमच्याकडे आजाच्या आजापासून लोक काय करत आले? ढोलीत धान भरून ठेवत आले. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिपलेली, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी ढोली. तिला ना ओटीपी, ना पासवर्ड. कापणी चालू आहे, भाव पडलेला आहे. आता घ्यायचा, सरकारी खरेदी केंद्रावर तेवीसशे एकोणसत्तरनं विकायचा. सरकारपासून वाचवलेल्या पैशावर सरकारकडूनच नफा. असं डोकं व्हिडिओवाल्या सरचंही चालत नाही.

ढोली कोणाची? सालेकशाच्या चैतराम मामाची. त्यांच्या दोन मोठ्या ढोल्या रिकाम्या आहेत, पोरं शेतातूनच धान विकतात. आणि मुख्य गोष्ट, मामा भाच्याचा दाणा खात नाही. आमच्या पवारांत भाचा म्हणजे देवाच्या जागी. साठ वर्षांचे मामा माझ्या पाया पडतात, मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून. भाच्याची वस्तू वापरली तर सात पिढ्यांना पाप. अशी बँक जगात आहे का?

मामाला फोन केला. म्हटलं, कोणाला सांगू नका, बाबांनाही नाही, सरप्राइज आहे. मामा म्हणाले, भाचेबुवा, तुमचा शब्द म्हणजे मले देवाचा शब्द.

गुड्डूला सांगितलं. तो खर्रा मळत राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार

चुन्नीलालशी सौदा. तो गावोगाव फिरून धान घेतो आणि मिलला पोचवतो, बाबांच्या मिललाही. त्याला बजावलं, बाबांजवळ बोलायचं नाही. तो म्हणाला, बेटा, धंदे में जुबान बंदच रखते हैं.

एकोणीसशे पन्नासनं ५८ क्विंटल. म्हणजे १,१३,१००. ट्रॅक्टर ३,९००, हमाली १,०००. बरोबर १,१८,०००. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. हिशोब असा बसला की देवाचीच इच्छा. बाबांच्या खात्यातून दोन दिवसांत पाठवतो, एका दिवसात लाखाच्या वर जात नाही.

चुन्नीलाल म्हणाला, माल ताजा हाय, कालच्या कापणीचा, वजनदार. मी म्हटलं, वजनदारच पाहिजे. हलका माल देऊन मला फसवू नका, मी मिलवाल्याचा पोरगा आहे.

१२ नोव्हेंबर

धान पोचला. मामानं व्हिडिओ कॉल केला. दोन्ही ढोल्या गळ्यापर्यंत भरल्या. मामांनी स्वतःच्या हातानं वरून शेणमातीनं तोंड लिपलं, हवाही जायची नाही, आणि त्यावर हळदीची पाच बोटं उमटवली. मग ढोलीला हात जोडले. म्हणाले, आता तुमी येईपर्यंत या ढोलीले कोणी हात लावणार नाही. मीही नाही, तुमची मामीही नाही.

मामी मागून काही म्हणत होती, धान ओलसर वाटला म्हणून. मामांनी तिला गप्प केलं. भाच्याच्या मालाला नाव ठेवते का, म्हणाले.

बाबांचा म्हातारपणाचा पैसा आता सुरक्षित आहे. मला हलकं वाटून राहिलं. या खुशीत शेवटचा खर्रा.

३० नोव्हेंबर, रविवार

हिशोब: ५८ गुणिले २,३६९. १,३७,४०२. बाबांना एक लाख अठरा परत, वर एकोणीस हजार नफा. नफ्यातले पाच हजार मी ठेवले तर वाईट नाही. डोकं कोणाचं आहे शेवटी.

बाबांनी फोनवर चक्कीचं सांगितलं. नागपूरची कंपनी आहे, लाखाच्या आसपास. मी म्हटलं, बाबा, मोठी घ्या. ते मग म्हणाले, पगार वाढला का तुझा?

१४ डिसेंबर

खरेदी केंद्रवाले सातबारा मागतात. जितकी जमीन तितकाच धान घेणार, तोही आधी ऑनलाइन नोंदवलेला. आपल्याजवळ जमीन एक एकर, तीही काकाच्या नावात अडकलेली. ५८ क्विंटल एका एकरात कुठून आला, विचारतील.

मामाच्या सातबाऱ्यावर विकायचं म्हटलं तर मामा म्हणाले, माझ्या सातबाऱ्यावर माझा धान गेला. आणि भाच्याचा धान माझ्या नावानं विकू? त्यापेक्षा मले विष द्या.

काही हरकत नाही. हे उलट बरंच झालं. घाईत विकणारा गरीब राहतो. मार्चमध्ये भाव चढतो, तेव्हा मिललाच विकू. ३१ मार्चच्या आत पैसा खात्यात. भरपूर वेळ आहे.

२८ डिसेंबर

मामाचा फोन. सालेकशाला जंगलाकडून मोठी थंडी पडून राहिली. घरची मांजर चूल सोडून आता ढोलीला पाठ लावून झोपते. मामा म्हणाले, ढोली गरम लागते, हात शेकावा अशी. भाच्याचं पुण्य.

ऐकून बरं वाटलं. माझा धान मुक्या जनावरालाही ऊब देतो.

गुड्डू सगळं ऐकत होता. तो म्हणाला, धान गरम कायले होते बे? मी म्हटलं, थंडीत सगळंच गरम वाटते. तो म्हणाला, तुहे बाबा रोज धानातच रायतात ना, त्यायले इचार. बाबांना काय विचारू? बाबा, धान गरम काऊन होते, आणि तो धान कोणाचा हे विचारू नका?

१५ जानेवारी २०२६

पोंगलची सुट्टी. सेठनं नवी डायरी दिली. नव्या वर्षाचे संकल्प: रोज लिहायचं, खर्रा बंद, कोणालाही न विचारता काही करायचं नाही. शेवटचा संकल्प खोडला. उगाच लिहिला.

मामांचा फोन. घरी गोड वास येऊन राहिला, दारूला मोहफुलं भिजवल्यासारखा. परवा वीटभट्टीचे दोन मजूर वासावर आले आणि विचारू लागले, किती रुपये ग्लास? मामांनी त्यांना हाकललं, ढोलीसमोर उदबत्ती लावली.

मी म्हटलं, मामा, एकदा तोंड उघडून पाहा. मामा रडायला आले. म्हणाले, तुमी माझी परीक्षा पाहून राहिले काय? मी सांगितलं, मीच परवानगी देतो. तर म्हणाले, मोठ्या मनाचा भाचा परवानगी देतेच, पाप मामाले लागते. तुमी या, तुमच्या हातानं उघडा.

रजा मागितली. सुपरवायझर नाही म्हणाला. हा शब्द मला तमिळमध्ये समजतो.

८ फेब्रुवारी

व्हिडिओवाल्या सरचे मागचे वीस व्हिडिओ पाहिले. पीएफचं नावच नाही. सर आता शेळीपालन शिकवून राहिला. खाली लिहून विचारलं, सर, सरकार पीएफ कधी घेणार आहे? उत्तर आलं, भावा, चॅनेल सबस्क्राइब कर.

गुड्डूनं त्याचा पीएफ उघडून दाखवला. पैसा जिथल्या तिथं. वर व्याज. मी म्हटलं, आता दाखवतील, मग एका रात्रीत घेतील. तो म्हणाला, घेतील तवा घेतील. तुह्या बाबाचा तर गेलाच ना.

गेला कुठं? ढोलीत आहे.

१ मार्च, रविवार

ढोल्या उघडायचं ठरलं. मामा हात लावणार नाहीत, म्हणून चुन्नीलालचे हमाल. मी मोबाइलवर पाहणार. मार्चचा भाव बावीसशे धरला तरी १,२७,६००. सरकारचा भाव नाही तर नाही.

बाबांनी चक्कीवाल्याला शब्द दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मशीन येणार, पैसे तेव्हाच. माय म्हणाली, गावातल्या चार बायांनी आतापासूनच गहू निवडून ठेवला.

८ मार्च, रविवार

नीट लिहितो.

हमालानं हळदीच्या बोटांवर सब्बल मारली. आतून वाफ निघाली. वाफ मोबाइलवर दिसली. हमाल मागे सरकला, नाकाला गमछा लावला. वरचा धान हिरवा, त्याखाली काळा, त्याखाली ढेकळं. दुसऱ्या ढोलीत कोंब आलेले, पांढरे, लांब, एकमेकांत गुंतलेले.

मामा ढोलीसमोर बसून राहिले. म्हणाले, म्या एक दाणाही नाही घेतला, भाचेबुवा. मोजून घ्या.

मी म्हटलं, माहीत आहे मामा.

चुन्नीलाल म्हणाला, ओला धान उन्हात वाळवल्याशिवाय कोणी भरते का, तू तो मिलवाले का लडका है. मी म्हटलं, तुम्ही वजनदार म्हणाले होते. तो म्हणाला, पानी का वजन था, बेटा.

२४ क्विंटल फेकावा लागला. ३४ क्विंटल त्यानं कोंबडीच्या खाद्यासाठी घेतला, साडेआठशेनं. २८,९००. बाबांच्या खात्यात आले. घंटी वाजली.

९ मार्च ते १३ मार्च

काहीच नाही लिहिलं. उपाय शोधून राहिलो. (१) रोज ओव्हरटाइम. सुपरवायझर म्हणतो, ऑर्डरच नाही. (२) सेठकडून उचल. सेठ कोइंबतूरला गेला. (३) स्वतःचा बनियानचा धंदा. भांडवल पाहिजे. (४) मोबाइल विकला तर पाच हजार येतात. पण मग ओटीपी कुठं येणार? (५) गुड्डूचा पीएफ.

गुड्डूनं पाचवा उपाय पूर्ण ऐकूनही घेतला नाही. पांघरूण घेऊन गॅलरीत झोपायला गेला.

१४ मार्च

बाबांचा फोन. आपणहून केला, असं कमीच होतं. मिलमधली गोष्ट सांगायची होती.

बाबांचं मिलमधलं काम फाटकापाशी. गाडी आली की पोत्यातून एक दाणा घेतात, दाढेखाली धरतात. कट् वाजला तर वाळला, आत घ्या. दबला तर परत. मशीनपेक्षा बाबांच्या दाढेवर मालकाचा भरोसा आहे.

म्हणाले, आज त्या चुन्नीलालनं गाडी आणली, चाळून दे म्हणे, चांगला दाणा निघते का पाहू. म्या दाणा तोंडात घेतला अन थुंकला. चोवीस वर्षांत असा धान नाही पाहिला. कोण गधा असन, कापणीचा धान चार उन्हं दाखवल्याबिगर भरून ठेवला. आपल्या पैशाचा नसनच. बापाच्या पैशाचा असन.

मी म्हटलं, हो बाबा, असतात लोक.

ते खूप हसले. रिटायर व्हायच्या खुशीत आहेत.

३१ मार्च, मंगळवार

मालकानं शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. मायनं फोटो पाठवला. बाबा शाल घेऊन त्या रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसले आहेत.

परवा पीएफचा फॉर्म भरायला जाणार. मी म्हटलं, बाबा, गर्दी असते, मे महिन्यात जा. सर्व्हर बंद आहे. ऊन फार आहे. बाबा म्हणाले, चोवीस वर्षं फाटकापाशी उन्हात होतो, मले ऊन सांगून राहिला का?

मी घरी खरं सांगणार आहे. उद्या सकाळी. पहिल्या चहाच्या आधी.

१ एप्रिल

चहा झाल्यावर सांगायचं ठरवलं. मग शिफ्ट होती.

२ एप्रिल, दुपारी

मोबाइल बंद ठेवला. बॅटरी वाचवायला.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाला गुड्डूच्या मोबाइलवर फोन आला. गुड्डूनं माझ्या छातीवर ठेवला आणि बाहेर गेला.

बाबा ओरडतील म्हणून मी कानापासून दूर धरला होता. मग जवळ आणावा लागला, आवाजच येत नव्हता.

पीएफच्या बाबूनं कागद दाखवला, पैसा नोव्हेंबरातच निघाला. बँकेत पासबुक छापलं, त्यात चुन्नीलालचं नाव. बाकी बाबांनी आपलं आपण लावलं.

मी सुरू झालो. म्हटलं, बाबा, सरकार घेणार होतं, सरनं सांगितलं होतं, मी वाचवायला गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग इतकंच विचारलं, तो धान तुहा होता?

हो म्हटलं.

म्हणाले, वाळवला काऊन नाही रे? एक दाणा कोणाच्या तोंडात द्यायचा होता. मले फोन करायचा होता. म्या कोणाचा धान हाय हेही नसतं इचारलं. ओला का वाळला, इतकंच सांगितलं असतं.

मग म्हणाले, चक्कीवाल्याले नाही म्हणून सांगितलं. मालकाले भेटलो. सोमवारपासून पुन्हा फाटकापाशी, रोजीवर. शाल वापस नाही घेतली त्यानं, चांगला माणूस हाय.

मी म्हटलं, बाबा, मी सगळे फेडीन, दर महिन्याला पाच हजार. बाबा म्हणाले, जेवत जाय.

४ एप्रिल

गेले ८९,१००. पाच हजारानं अठरा महिने. दीड वर्षात चक्की. आजपासून खर्रा बंद.

७ एप्रिल

पगार झाला. १४,२००, पण दोन खाडे कापले. पाच नाही, चार हजार पाठवतो.

८ एप्रिल

रूमचं भाडं आणि मेसचे पैसे गुड्डूला दिले. मागचे उसनेही त्यानं मागितले. त्याला नाही कसं म्हणणार, आता रूममध्ये बोलत नाही तो फारसा. आता तीन हजारच पाठवता येतील.

९ एप्रिल

मामांनी भाच्याचं नुकसान झालं म्हणून उपास धरले आहेत, मामी फोनवर शिव्या देते. त्या तीन हजारांतून त्यांच्या दवाखान्याला पाचशे पाठवले. नवीन ढोलीला बांबू लागतो, तेही बोलणं निघालं. आणखी सहाशे पन्नास.

१० एप्रिल, जेवणाच्या सुट्टीत

गुड्डूला विचारलं, या हिशोबानं किती दिवस? त्यानं खर्र्याच्या पन्नीवर भागाकार केला. अठ्ठेचाळीस महिने. बाबा बासष्ट वर्षांचे होतील. मग पन्नी माझ्यासमोर सरकवली. मी खर्रा घेतला नाही. घेतला, पण थोडा.

कार्टनवर बसून पैसे पाठवले. खिशात घंटी वाजली. बाबांच्या खात्यात जमा झाले, तो मेसेज अजून माझ्याच मोबाइलवर येतो. त्यांना कळवायला फोन लावावा लागेल. 

जमा: १,८५० रुपये.